काचघरातल्या दोन नळ्या

मला जर्मनीला पाठवतानाही अब्बूंनी गाडीतला माल उतरवला नाही. धुळ्यातल्या देवपूरच्या आमच्या घरासमोर पिकअप उभी होती. मागे ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी, त्यांच्यावर माझ्या दोन बॅगा, आणि पुढे अब्बू, अम्मी आणि मी असे तिघं दाटीवाटीनं. महामार्गावर मला मुंबईच्या बसमध्ये बसवायचं आणि तसंच पुढे एका शेतावर फिटिंगला जायचं, असा अब्बूंचा बेत. एक दिवस काम बंद ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं, म्हणून मी तोंड फुगवून बसले होते. बस आली. अम्मीनं माझा हात घट्ट धरला आणि शेवटची सूचना केली, "बिना पूछे किसी की चीज को हात नहीं लगाना." एवढ्या लांब निघालेल्या मुलीला हा काय उपदेश, असं वाटून मला हसूच आलं. अब्बूंनी माझ्या बॅगा बसमध्ये चढवल्या. बस निघाल्यावर मी मागे वळून पाहिलं, तर शेतावर जायची घाई असलेली पिकअप अजून तिथेच उभी होती.

तुम्ही कॉलेजच्या ग्रुपवर नेहमी विचारता, तिकडे कसं वाटतं गं? मी आपली बर्फाचा फोटो टाकून मोकळी होते. आज जरा नीट सांगते. धुळ्यात राहिलेल्यांना सांगते, आणि पुण्याला, सुरतेला, आखातात गेलेल्यांनाही सांगते, कारण त्यांना हे जास्त कळेल. आता मी इथे दुसऱ्यांदा आले आहे, पुढच्या शिक्षणासाठी. पण खरी गोष्ट पहिल्या खेपेची आहे. तेव्हा मी शेती अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला होते आणि आमच्या कॉलेजकडून एका सहामाहीपुरती इथे आले होते.

पहिले पंधरा दिवस मी नुसती उडत होते. ट्राम सात वाजून चार मिनिटांनी म्हणजे चारच मिनिटांनी यायची! रिकामी बाटली दुकानातल्या मशीनच्या तोंडात घातली की मशीन पैसे परत द्यायचं, तर मी होस्टेलमधल्या सगळ्यांच्या बाटल्या गोळा करून न्यायला लागले. इथे राहायला आल्याची नोंद करायची असते, तिला आनमेल्डुंग म्हणतात. त्या कागदावर शिक्का बसला तेव्हा मला सरपंच झाल्यासारखं वाटलं. मेन्सात, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, उकडलेल्या बटाट्यावर मी घरचा ठेचा घालून खायचे. शेजारची मुलगी चव बघते म्हणाली आणि नंतर दहा मिनिटं पाणी पीत बसली. दुसऱ्या दिवशी परत मागायला आली.

पण सगळ्यात मोठा आनंद मला काचघरात झाला. आमच्या प्रोफेसरबाईंनी दार उघडलं आणि आत टोमॅटोच्या बारा रांगा, प्रत्येक रांगेला काळी ठिबकची नळी. बाहेर बोटं गारठत होती आणि आत उबदार, ओल्या मातीचा वास. माझं सगळं बालपण त्या नळ्यांच्या भेंडोळ्यांवर उड्या मारण्यात गेलेलं. मी तिथल्या तिथे फोटो काढून अब्बूंना पाठवला. त्यांचा लगेच व्हॉइस मेसेज आला, "तठे बी ठिबक शे का?" घरात आम्ही हिंदी-उर्दू मिसळून बोलतो, पण ठिबकचा विषय निघाला की अब्बूंच्या तोंडून थेट अहिराणी येते, कारण त्यांची वीस-पंचवीस वर्षं शेतकऱ्यांच्या बांधावर गेली आहेत.

प्रयोग साधा होता. इथल्या पाण्यात क्षार फार. असं पाणी महिनोन्महिने सोडलं, तर नळीचे ड्रीपर, म्हणजे थेंब सोडणारी तोंडं, कशी आणि किती वेगानं तुंबतात, ते बघायचं. दर सोमवारी प्रत्येक ड्रीपरखाली मापाचं भांडं धरायचं आणि किती पाणी पडलं ते लिहायचं, हे काम माझ्याकडे. सहामाहीचे निम्मे गुण या एकाच कामावर होते. ते बुडाले तर इथली सहामाही कॉलेजात धरली जाणार नव्हती, माझं वर्ष जाणार होतं, आणि अब्बूंनी ज्यांच्या ज्यांच्या बांधावर "मनी पोर जर्मनीले शे" असं सांगितलं होतं, त्या सगळ्यांसमोर त्यांना मान खाली घालावी लागणार होती.

आता माझा पराक्रम ऐका. शुक्रवारी संध्याकाळी पंप बंद करायला मी एकटीच असायचे. तिसऱ्या आणि चौथ्या रांगेतले ड्रीपर सगळ्यात आधी पांढरे पडायला लागले. खाली टोमॅटोची पानं मलूल. मी ड्रीपरला टिचकी मारली, नखानं क्षार खरवडला, थेंब सुरू झाला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! अब्बूंना आधीचा आणि नंतरचा फोटो पाठवला. त्यांचा सल्लाही व्हॉइस मेसेजमध्ये हजरच होता, "पाइपनं टोक उघाड बेटा, बठ्ठा कचरा निंघी जाई." मी नळीचं शेवटचं टोक उघडलं. गढूळ पाणी भळाभळा वाहून गेलं. मग दर शुक्रवारी हाच कार्यक्रम. आपल्याकडे शेतातून चालणारा माणूस गप्पा मारता मारता तुंबलेल्या ड्रीपरला टिचकी मारतोच. ते काम करतोय असं त्याच्या मनातही येत नाही. माझ्याही आलं नाही.

डिसेंबरातल्या एका सोमवारी बैठक होती. प्रोफेसरबाईंनी भिंतीवर आलेख दाखवला. दहा रांगांच्या रेघा हळूहळू खाली उतरत होत्या आणि तिसरी-चौथी मात्र आधी खाली जाऊन परत वर चढून तिथेच राहिली होती. खोलीत एकदम उत्साह पसरला. या दोन नळ्या आपोआप साफ होतात की काय? मातीत काही वेगळं आहे का? नळीच्या बनावटीत काही आहे का? एकानं तर यावर स्वतंत्र शोधनिबंध लिहायची भाषा सुरू केली. मला मात्र कारण ठाऊक होतं. तुंबणं मोजायचा प्रयोग होता आणि मी दर आठवड्याला तुंबलेलं मोकळं करत होते!

खरं सांगते, गप्प बसायचा मोह झाला. कुणाला कळलं नसतं. मंडळी किती खूश होती. मी टेबलाखाली माझी नखं बघत होते, त्यांच्यात अजून पांढरा क्षार होता. आणि अम्मीचं ते वाक्य आठवलं, बसच्या पायरीवरचं. तेव्हा मला हसू आलं होतं. मग मी उभी राहिले, माझ्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगायला लागले, मध्येच इंग्रजीत शिरले, आणि शेवटी हातानं टिचकी मारून दाखवली. कुणी हसलं नाही.

प्रोफेसरबाईंनी एकच प्रश्न विचारला, "कधी?" म्हणजे कोणत्या तारखांना, किती वाजता, कोणते ड्रीपर. इथे प्रयोगात जे काही होतं ते प्रोटोकोलमध्ये, म्हणजे नोंदवहीत, लिहावं लागतं. जे लिहिलं नाही, त्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. आणि मी तर एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात आठवलं, अब्बूंना पाठवलेले फोटो! प्रत्येक शुक्रवारचे, आधीचे, नंतरचे, तारीख आणि वेळेसकट. मी फोन बाईंच्या हातात दिला. त्या एकेक फोटो मोठा करून बघत होत्या. बघता बघता त्यांचं बोट चुकून एका संदेशावर पडलं आणि त्या थंडगार खोलीत अब्बूंचा खणखणीत आवाज घुमला, "पाइपनं टोक उघाड बेटा!"

"हे कोण?" बाईंनी विचारलं.

"माझे वडील. ठिबकचं फिटिंग करतात." काय म्हणतात तेही सांगितलं.

बाईंनी फोन मला परत दिला. मग म्हणाल्या, "तुमच्या वडिलांचं बरोबर आहे. शेतात असंच करायला हवं. पण हे शेत नाही."

निकाल असा लागला, की त्या दोन रांगा नव्या नळ्या घालून मी पुन्हा पहिल्यापासून चालवायच्या. मार्चच्या मध्यापर्यंत. तोवर गुण नाहीत. फेब्रुवारीचं तिकीट पुढे ढकललं आणि रमजानचे पहिले रोजे घरी होतील ही आशा सोडली. अब्बूंना फोनवर सगळं सांगितलं तेव्हा आपणच सल्ला दिला म्हणून त्यांना स्वतःचाच राग आला. मी समजावलं की यावेळी झाडाला काही झालं तरी हात लावायचा नाही, नुसतं मोजायचं आणि लिहायचं. त्यांना ते पटेना. मग म्हणाले, "डोयासमोर झाड सुकी ऱ्हायनं अन् हात नई लावाना? हाई कशी परीक्षा शे बेटा?"

आणि ती खरंच तशी परीक्षा होती. पहिले काही शुक्रवार मी हात कोटाच्या खिशात कोंबून त्या दोन रांगांमधून चालायचे. एक ड्रीपर बंद पडला. मी लिहिलं. दुसरा पडला. लिहिलं. हळूहळू त्यात मला रस यायला लागला. कोणता ड्रीपर आधी जातो, टोकाचा की मधला, किती दिवसांनी, हे मला दिसायला लागलं. लहानपणापासून हजारदा पाहिलेली गोष्ट मी पहिल्यांदाच बघत होते. वहीची पानं भरायला लागली तशी मी रविवारच्या फोनवर अब्बूंना आकडे वाचून दाखवायचे. ते "हं" म्हणायचे, आणि मला वाटायचं, बिचारे माझं मन राखतात.

मार्चमध्ये काम संपलं. बाईंनी वही तपासली आणि पास केलं. 'दोन' मिळाले. इथे एक सगळ्यात चांगला आणि पाच म्हणजे नापास, हे समजेपर्यंत अम्मीनं "सिर्फ दो?" म्हणून कपाळाला हात लावला होता. ईदच्या दोन दिवस आधी मी घरी पोचले.

ईद झाल्यावर अब्बू मला शिरपूरकडच्या एका पपईच्या शेतावर घेऊन गेले. त्यांना माहीत नव्हतं, पण मला त्या दिवशी विचारायचं होतं की डिग्री झाल्यावर मी परत जर्मनीला जाऊ का, आणि यावेळी पूर्ण दोन वर्षांसाठी. घरात विचारायची हिंमत होत नव्हती. रांगेतून चालता चालता एक ड्रीपर बंद दिसला. खालची माती कोरडी, पानं लोंबलेली. इतके महिने खिशात कोंबलेला माझा हात आपसूक पुढे गेला. इथे तर सगळी मुभा होती, हे खरंखुरं शेत होतं.

अब्बूंनी माझं मनगट धरलं.

"थांब बेटा. पहिले लिखी ले."

आणि त्यांनी शर्टाच्या खिशातून एक लहानशी वही काढली. अर्धी भरलेली. कोणत्या शेतात, कितव्या रांगेत, कितवा ड्रीपर, कोणत्या दिवशी बंद पडला, सगळं त्यांच्या वाकड्यातिकड्या अक्षरात. जानेवारीपासून. माझा प्रत्येक रविवार त्यांनी असा ऐकला होता. परत जाऊ का, याचं उत्तर त्या वहीतच होतं, मला काही विचारावंच लागलं नाही. मी लिहिलं, त्यांनी टिचकी मारली, आणि थेंब पडायला लागला.

तुम्ही विचारता ना, आता घर कुठलं वाटतं? मी इथे काचघरात बसून लिहिते तेव्हा तिकडे कुठल्यातरी बांधावर अब्बूही लिहीत असतात. दोन्हीकडची वही मला आमच्या घरचीच वाटते.