न्हावऱ्याच्या वळणाआधी

आमच्या ह्यांचे धाकटे चुलते, म्हणजे माझे चुलत सासरे, यांच्यासारखा वळण यायच्या आधीच वळणारा माणूस अख्ख्या शिरूर तालुक्यात दुसरा झाला नाही. सगळं गाव त्यांना आप्पा म्हणायचं, मीही आप्पाच म्हणायची. लग्नाचं आमंत्रण आलं की आप्पा आदल्या दिवशी मांडवात हजर. आचारी अजून चुलीला दगड शोधत असायचा आणि आप्पा पाटावर बसून विचारायचे, "पंगत कवा बसायची?" पोट दुखायच्या आधी ओवा खायचे, पाऊस यायच्या आधी छत्री उघडायचे. एकदा तर एका आजारी सोयऱ्याला बघायला गेले आणि दारातूनच असा गळा काढला, की तो बिचारा अंथरुणातून उठून बसला आणि म्हणाला, "आप्पा, अजून हाय मी. च्या घ्या." ही सगळी खोड त्यांना लागली ती त्यांच्या मोटारीमुळं. लोक म्हणायचे स्वभावच तसा, पण मी सून म्हणून त्या घरात नांदले आहे, मला विचारा.

ती मोटार म्हणजे साधीसुधी नव्हे हो. विलायती स्पोर्ट्स कार! लांब नाक, तारांची चाकं, वरती कापडी टप, पुढं दोघांपुरती जागा आणि मागं एक झाकण, ते उघडलं की आत तिसऱ्या माणसाला पाय पोटाशी घेऊन बसता यायचं. दौंडला राहणारा एक गोरा साहेब मायदेशी परत निघाला तेव्हा त्याच्याकडून आप्पांनी ती घेतली. साहेबानं किती पळवली होती देव जाणे, पण आप्पांच्या हाती आली तेव्हाच ती म्हातारी झालेली होती. इंजिन ठणठणीत, हॉर्नही असा की ओढ्यापलीकडची म्हैस दावं तोडायची. पण स्टेअरिंगचं चाक म्हणजे नुसतं नावाला! पाव वेढा फिरवलं तरी पुढच्या चाकांना पत्ता नसायचा. मग एकदम काहीतरी आठवल्यासारखी गाडी वळायची. खड्ड्यातून गेली की पुढची दोन्ही चाकं लेझीम खेळल्यासारखी थरथरायची. सरळ रस्त्यावरसुद्धा आप्पांचे हात सारखे डावीकडं-उजवीकडं चाललेले असायचे, ताक घुसळल्यासारखे.

"गाडीला आधी सांगावा धाडावा लागतो," आप्पा म्हणायचे, "मंग ती इचार करती, मंग वळती. मोठ्या घरची हाय ती."

त्यामुळं प्रत्येक वळणाची खूण त्यांनी ठरवून ठेवली होती. इथं मारुतीच्या देवळाला मान लववली की चाक फिरवायला घ्यायचं, तिथं विहिरीची मोट दिसली की घ्यायचं. न्हावऱ्याजवळ एक मोठं वळण होतं. त्याच्या तीस-चाळीस पावलं अलीकडं एक जुना लिंब होता. लिंबाशी हात फिरले की वळणावर गाडी बरोबर वळायची. हे गणित आप्पांना इतकं पाठ झालं होतं की झोपेतसुद्धा कूस बदलायच्या आधी त्यांचे हात फिरतात, असं काकी सांगायच्या.

काकी म्हणजे आप्पांची बायको. अंगानं लहान, बोलणं कमी, पण एकदा बोलल्या की त्या शब्दाला देवसुद्धा हलवू शकत नसे. गाडी घरी आली त्या पहिल्याच आठवड्यात आप्पांनी त्यांना शेजारी बसवून देवीच्या दर्शनाला काढलं होतं. तेव्हा खुणा ठरलेल्या नव्हत्या. पहिल्याच वळणावर गाडी सरळ गेली आणि कडब्याच्या गंजीत घुसली. काकी खाली उतरल्या, पदरावरचा कडबा झटकला आणि म्हणाल्या, "ह्याचं चाक नीट झाल्याबिगर मी ह्यात पाय ठेवायची न्हाई." आणि चालत घरी आल्या. मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा या गोष्टीला अकरा वर्षं झाली होती आणि काकींचा पाय काही गाडीत पडला नव्हता.

आता काकींचं माहेर न्हावऱ्याचं. दर भाऊबीजेला त्या भावाला ओवाळायला जायच्या, त्या एसटीनं. पण आप्पांचा जीव राहतोय थोडाच! एसटी सुटली की तिच्या मागोमाग आप्पांची मोटार. शेजारच्या सीटवर काकींची पिशवी, करंज्यांचा डबा आणि ओवाळणीचं ताट. एसटी थांबली की आप्पा थांबायचे, एसटीनं धूळ उडवली की आप्पा खायचे. न्हावऱ्याच्या फाट्यावर काकी उतरून पुढं चालू लागायच्या आणि मागून आप्पा पिशवीला गाडीतून मिरवत आणायचे. काकींचा भाऊ दारात उभा असायचाच. मिशीत हसून म्हणायचा, "दाजी, पिशवी लई नशिबाची हाय हो तुमची! आमची बहीण मातुर यष्टीनं."

आप्पा हसायचे. पण घरी आल्यावर त्या रात्री जेवायचे नाहीत. हे काकींना ठाऊक होतं आणि त्यांच्याकडून मलाही कळलं. आप्पांना दुसरं काही नको होतं, एकदाच, फक्त एकदा, बायकोला शेजारी बसवून तिच्या भावाच्या दारात हॉर्न वाजवायचा होता.

त्यासाठी आप्पांनी काय केलं नाही? स्टेअरिंगच्या पेटीवर एक स्क्रू होता. चाक सैल वाटलं की आप्पा तो थोडा पिळायचे. कुठवर पिळला ते कळावं म्हणून शेजारी कुंकवाचं बोट लावायचे. माझ्या लग्नापर्यंत तिथं मळवट भरल्यासारखं झालं होतं. गाडी डावीकडं ओढते म्हणून उजवीकडं बाजरीचं पोतं बांधून पाहिलं. जुन्या वहाणेचं चामडं कापून सांध्यात कोंबलं. सुतार झाला, लोहार झाला. एरंडेल तर इतकं पाजलं की गाडीला जुलाब व्हायचे तेवढे बाकी होते. हे सगळं काकी उंबऱ्यातून बघायच्या. कधीतरी म्हणायच्या, "वरचं काय पिळताय? बुडाशी बघा की." आप्पा म्हणायचे, "तुला यातलं काय कळतंय?" आणि पुन्हा कुंकवाचं बोट.

माझं माहेर दौंडचं. वडील रेल्वेत होते. आमच्या शेजारी एक फिटरचाचा राहायचे, इंजिनांच्या कामात केस पांढरे केलेले, तेव्हा नुकतेच घरी बसले होते. मी लहानपणी त्यांच्या अंगाखांद्यावर खेळलेली. दिवाळीच्या महिनाभर आधी मी आप्पांना भीतभीतच म्हटलं, "आमच्या चाचांना दाखवू का?" नवी सून मोटारीच्या कामात तोंड घालते म्हटल्यावर आधी घरात सगळे माझ्याकडंच बघायला लागले. मग आप्पा म्हणाले, "बोलव. पण म्हणावं, गाडी खानदानी हाय. टाकून बोलायचं न्हाई."

चाचा एसटीनं आले, हातात एक हातोडी आणि एक पान्हा. गाडीभोवती एक फेरी मारली. कुंकू बघितलं. हसले नाहीत, ही त्यांची माणुसकी. पुढची चाकं उचलायला सांगितली. गल्लीतल्या सहा गड्यांनी नाक उचललं आणि खाली लाकडाचे ओंडके सरकवले. चाचा गोणपाटावर उताणे पडून गाडीखाली गेले आणि तिथून आवाज आला, "बेटी, वर बस आन् चाक हलीव. थोडंच. डावं-उजवं."

मी नऊवारीचा काष्टा सावरून त्या सीटवर बसले. आयुष्यात पहिल्यांदा मोटारीचं चाक हातात धरलं. मी हलवत होते आणि चाचा खाली एकेका सांध्यावर हात ठेवत होते, वैद्यानं नाडी बघावी तसे. "हितं न्हाई. हितं न्हाई. थांब... हलीव... हां! सापडली." मग बाहेर येऊन त्यांनी टायर वरून-खालून धरून हलवलं. खटक, खटक. सगळ्यांना ऐकू आलं.

"आप्पा," चाचा म्हणाले, "पुढचं चाक ज्या खिळ्यावर वळतं ना, त्यो खिळा झिजलाय. खालच्या पट्ट्यांच्या पिनाबी गेल्यात. बिमारी पायात हाय आन् तुम्ही अकरा वर्षं डोकं आवळताय! सरळ चालून पेटीतले दाते मधीच तेवढे झिजलेत. आवळून आवळून कडेला ती घट्ट झाली आन् मधी सैल ती सैलच."

उंबऱ्यातून काकी म्हणाल्या, "म्हंजी जात्याचा मधला खिळा झिजल्यावानी. मंग खुटा कितीबी दाबून धरा, वरची पाळ डुगडुगणारच."

चाचांनी कानाला हात लावला. "भाभी, हे तुम्हाला माहीत हुतं तर मला कशाला बोलवलं?"

"मी अकरा वर्षं सांगतीया," काकी म्हणाल्या. आप्पा तेव्हा हॉर्न पुसत होते. बराच वेळ पुसत होते.

खिळे दौंडला ओळखीच्या लेथवर कातून घ्यायचं ठरलं. खिळ्याभोवती बसवायच्या बुशांना, म्हणजे नळीसारख्या कड्यांना, चांगलं जाड पितळ हवं होतं. ते कुठून आणायचं म्हणून पुरुषमाणसं वाद घालत असताना काकी आत गेल्या आणि खलबत्त्यातला बत्ता घेऊन आल्या. हातभर नव्हे, पण चांगला मुठीएवढा जाड, भरीव पितळेचा. त्यांच्या आईनं लग्नात दिलेला. आप्पा म्हणाले, "अगं, माहेरचा हाय त्यो!"

"मंग?" काकी म्हणाल्या. "माहेरालाच जायचंय न्हवं?"

त्या दिवशी आप्पांनी वाद घातला नाही, हा त्या घरातला पहिला चमत्कार. पुढं नवा बत्ता येईपर्यंत तीन आठवडे आम्ही वेलदोडे पाट्यावर वाटले.

चाचांनी सगळं बसवलं, पेटीचा स्क्रू बेतानं ढिला केला, चामडं उपसून फेकलं, आणि जाताना आप्पांचे दोन्ही हात धरून बजावलं, "आता चाक आन् गाडी एक झाली. जुनी सवय सोडा. हात फिरला की गाडी फिरलीच समजा." आप्पांनी मान डोलावली. आप्पा सगळ्यांपुढंच मान डोलवायचे.

भाऊबीजेला सकाळी काकी हिरवं लुगडं नेसून, मांडीवर ताट घेऊन आप्पांच्या शेजारी बसल्या. मागच्या झाकणात मी, करंज्यांच्या डब्यासकट, पाहुणी म्हणून. गल्ली बघायला जमली. गाडी निघाली ती अशी, की मेणावरून सुई जावी! खड्डा आला, चाकं नाचली नाहीत. आप्पांचे हात स्थिर. फेट्याचा शेमला माझ्या तोंडावर फडफडत होता आणि आप्पा ओरडून विचारत होते, "काय म्हंतीस?" आणि काकी म्हणत होत्या, "रस्त्याकडं बघा."

मग लांबून तो लिंब दिसला.

मला कळलं हो, पण तोंडावरचा शेमला बाजूला करेपर्यंत उशीर झाला. लिंब आला आणि आप्पांचे हात आपले आपण फिरले, अकरा वर्षं फिरले तसेच. आणि गाडीनं, आयुष्यात पहिल्यांदा, लगेच ऐकलं. वळण तीस पावलं पुढं राहिलं आणि आम्ही रस्ता सोडून गुडघाभर ज्वारीत. इंजिन बंद पडलं. माझ्या डोक्यावर करंज्यांचा चुरा. एक टिटवी तेवढी ओरडत गेली.

आप्पा समोर बघत बसले होते. चाक अजून घट्ट धरलेलं. खूप हळू आवाजात म्हणाले, "उतरतीस ना?"

काकींनी ताटातली निरांजनं सरळ केली. सुपारी मांडीवरून उचलून जागेवर ठेवली. "कशाला उतरू? गाडीचं काय चुकलं? तुम्ही म्हणला वळ, ती वळली. काढा मागं."

आप्पांनी काढली. पुन्हा रस्त्याला लागली, वळणाकडं निघाली. आप्पांचे हात परत शिवशिवायला लागले, तेव्हा काकी, रस्त्यावरची नजर न काढता, म्हणाल्या, "अजून न्हाई... अजून न्हाई..." आणि वळणाच्या अगदी तोंडाशी, "आता."

गाडी अशी वळली की ताटातला अक्षतांचा दाणा हलला नाही.

भावाच्या दारात आप्पांनी इतका वेळ हॉर्न वाजवला की भाऊ दाढीचा साबण तोंडाला तसाच घेऊन बाहेर आला आणि बहिणीला गाडीत बघून तसाच उभा राहिला. "दाजी," एवढंच म्हणाला. आप्पा त्या दिवशी तीन वेळा जेवले.

पुढं आप्पांनी चाचांना निरोप धाडला होता की थोडी ढील परत घाला. चाचांचं उत्तर आलं, "गाडी नीट हाय, हात भाभींच्या ताब्यात द्या." तसंच झालं. मग कित्येक वर्षं ती गाडी दोघं मिळून चालवायची. चाक आप्पांच्या हातात आणि "आता" काकींच्या. गंमत म्हणजे आप्पांचं बाकीचंही ताळ्यावर आलं. लग्नाला निघायची घाई केली की काकी म्हणायच्या, "अजून न्हाई," आणि आप्पा फेटा उतरवून बसायचे.

काकी आधी गेल्या. त्यानंतरच्या भाऊबीजेला आप्पा म्हणाले, "सूनबाई, चल. तिचा भाऊ वाट बघत आसंल." त्या वर्षी ओवाळायचं नव्हतं, तरी मी शेजारी बसले, मांडीवर करंज्यांचा डबा घेऊन. लिंब आला. त्यांचे हात फिरले नाहीत. लिंब मागं गेला, वळण जवळ आलं, अगदी तोंडाशी आलं, आणि आप्पांनी गाडी भर रस्त्यात थांबवली. चाकावर हात तसेच, मान किंचित माझ्या बाजूला कललेली. ते ऐकत होते.

मी डबा घट्ट धरला आणि म्हटलं, "आता, आप्पा."