दुखनी तिघींची, जानारी एक

मासळीच्या टोपलीत तळाला पानी साचतं ना, तसे हे किस्से साचतात. ओतले नाय तर वास सुटतो. म्हनून आज ओतते. नाकाला पदर लावा!

विरारच्या बाजारात आम्ही तिघी शेजारी बसायचो. मी नि यमुना अर्नाळ्याच्या कोळनी, तिसरी मार्था. नव्या बिल्डिंगा उगवत होत्या तेव्हाची गोष्ट. आमचा एक कायदा होता. डाक्टरकडं तिघींनी जायचं नाय, एकीनं जायचं! तिघी गेल्या तर मासळी कोन विकील, नि तीन-तीन फिया कोन भरील? मी नाटकी, म्हनून मलाच धाडायच्या.

*

पयल्यांदा गेले ती मार्थाचे गुडघे, यमुनाचा खोकला नि माझी दाढ घेऊन. सगळं बोलले. डाक्टरनं पेन खाली ठेवलं.

"मावशी, एवढं सगळं एका बाईला?"

मी म्हटलं, "बाई काय बारीक हाय काय?"

*

बाटली एक, तोंडं तीन. मार्था आम्हाला समोर बसवायची नि चर्चमधला फादर देतो तसं जिभेवर औषध द्यायची. "आमेन बोल नि गिळ!"

पुढच्या खेपेला डाक्टर विचारतो, "कोर्स पूर्ण केला का?"

"पूर्न? अहो, बाटली धुऊन प्यालो!"

*

मग मार्थाला जुलाब लागले. डाक्टर बोलला, "पाणी उकळून प्या."

मार्था राहायची मनवेलपाड्याच्या चाळीत. तिथं टँकर आला तर आला. ती बोलली, "पानी दाखव आधी! नि उकळायला रॉकेलची लाइन कोन लावील, त्याचा बाप?"

तिच्या दारावरून टँकर गेला नि समोरच्या बिल्डिंगची टाकी भरून आला. तिथं वॉचमन शेठची गाडी धूत होता, चांगला पाइप लावून! मी रस्त्यावरनं ओरडले, "काय रे, गाडीला जुलाब झाले काय?"

*

एकदा डाक्टर बोलला, "अंगात ताकद नाही मावशी. पापलेट खात जा."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "खाल्लं असतं हो, पन रविवारी तुम्हीच नेता ना! आमच्या कालवनात डोकी येतात. डोक्यांत किती ताकद असते, ते सांगा!"

*

पुढं त्यानं दवाखाना हलवला. नवा टॉवर, चौथा माळा! मी लिफ्टमधी पाय ठेवला तसा वॉचमन धावला. "मच्छीवाली लिफ्ट में नहीं! बास मारती है!"

"हो काय? नि तुझ्या शेठच्या तव्यावर काय मोगरा तळतात?"

पन चढले जिनाच. रोज विकत घ्यायला मासळी चालते, वर न्यायला कोळीन चालत नाय!

*

तोवर यमुना खोकून खोकून अर्धी झालेली. एका सकाळी पदर लपवायला लागली. मी हिसकला. रक्त!

तिचंच लुगडं नेसून गेले वर. तिच्यासारखीच खोकले, अगदी कंबरेत मोडून, शेवटाला तिच्या छातीत वाजते ती शिट्टी पन काढली. पदर दाखवला. डाक्टर घाबरला, खाली धाडून माझ्या छातीचा फोटो काढवला. फोटो बघून हसतो, "मावशी, घोड्यासारखी छाती आहे तुमची!"

रविवारी तो बाजारात आला. हातात पापलेट, माझ्याशी भाव करतोय. तेवढ्यात पाठीमागं यमुना खोकली. शिट्टीसकट.

डाक्टर वळला. पापलेट हातातच. यमुनाकडं बघतो, माझ्याकडं बघतो.

"खोकला हिचा... आणि फोटो तुमचा?"

तो यमुनावर ओरडलाच, "अहो, जीव जाईल तुमचा! स्वतः का नाही आलात?"

यमुनानं आधी दम घेतला. मग बोलली,

"चार माळे हायत ना, डाक्टर. जिची छाती बरी, तिलाच धाडली."