बोरकर सरांचा शेवटचा थांबा

आमच्या घरात लिंबू फक्त पोह्यावर पिळायला येतं. बाबा रेल्वेत, पक्के आंबेडकरवादी. भुताचं नाव काढलं की ते पुरावा मागायचे. मीही त्यातलाच. त्यामुळे पुढचं वाचून कुणी हसलं तर मला राग येणार नाही… मीच हसलो असतो.

छत्तीसगड राज्य नवीन होतं. रायपूरला राजधानी म्हणायची जिभेला अजून सवय नव्हती. बूढ़ापारा मोहल्ल्यात, तलावाकडून येणाऱ्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर आमचं छोटंसं ऑफिस होतं. राईस मिलच्या बॉयलरसाठी आम्ही कंट्रोल बोर्ड बनवायचो. वाफेचा दाब ठरलेल्या मर्यादेवर गेला की बोर्डाने वाफ सोडायची — एवढंच त्याचं काम.

बोर्डातला प्रोग्राम तपासायला आमच्या ऑफिसातले सगळ्यात जुने इंजिनिअर बोरकर सर यांनी स्वतः एक डिबगर लिहिला होता. डिबगर म्हणजे चालू प्रोग्रामला मध्येच थांबवून त्याच्या पोटात काय चाललंय ते आपल्या कॉम्प्युटरवर दाखवणारा प्रोग्राम. सर कुठलाही बोर्ड पास करण्याआधी मर्यादेच्या ओळीवर त्याला थांबवायचे. तेव्हा स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांत त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं : ‘थांब, पाहून घे.’ मग ते आकडा वहीत हाताने लिहायचे. मला नेहमी म्हणायचे, “बोर्डाच्या डोळ्यानं पाय बाप्पा, आपल्या डोळ्यानं नोको पाहू.”

सर हार्ट अटॅकने गेले. त्यांचा डिबगर फक्त त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर आणि जुन्या बोर्डाशीच चालायचा. तो नव्या कॉम्प्युटरवर आणि नव्या बोर्डाशी चालवायचं काम माझ्याकडे आलं. दोन महिने राबलो. ते वाक्य मला पोरकट वाटलं, म्हणून काढून टाकलं. वहीसुद्धा बंद केली. स्क्रीनवर दिसतंय की, लिहायचं कशाला?

पहिला नवा बोर्ड अभनपूरच्या एका मिलला गेला. तिथे बॉयलरवर माझा सख्खा मोठा भाऊ होता, नितीनदादा. मी मर्यादा तपासली, दहा दिसली, बोर्ड पास केला. दादा सकाळी स्वतः येऊन मोटारसायकलवर घेऊन गेला. जाताना म्हणाला, “लहान्या, आता तुहाच भरोसा हाय.”

त्याच दिवशी दुपारी अडीचला मी सहज डिबगर उघडला. बोर्ड जोडलेला नव्हता. केबलचं टोक टेबलावर मोकळं पडलं होतं. ‘बोर्ड सापडला नाही’ असं यायला हवं होतं. त्याऐवजी स्क्रीनवर आलं — ‘थांब, पाहून घे.’ खाली मर्यादा : २५६०.

मला वाटलं, सरांचा एखादा तुकडा कोडमध्ये राहिला असेल, आकडाही कचरा असेल. खरं सांगायचं तर चिडलो. डिबगर बंद केला आणि शेजारच्या ऑफिसातल्या साहूबरोबर खाली चहाला गेलो. वीस मिनिटं गेली. बटाटवडाही खाल्ला.

परत आलो तर डिबगर चालू. ऑफिसला कुलूप होतं, किल्ली माझ्या खिशात. तेच वाक्य, तोच आकडा. केबल तशीच मोकळी.

या वेळी मी आकड्याकडे नीट पाहिलं. बोर्डात आकडा दोन घरांत ठेवतात. आमच्याकडे एकात दहा, दुसऱ्यात शून्य. आमचा कॉम्प्युटर आणि जुना बोर्ड ती घरं एकाच क्रमाने वाचायचे. नवा बोर्ड उलट्या क्रमाने वाचायचा. एक घर सुट्याचं, दुसरं २५६ च्या पटीचं; उलटं वाचलं की दहाचे होतात दहा गुणिले २५६, म्हणजे २५६०! बोर्डातला आकडा मी माझ्या कॉम्प्युटरच्या क्रमाने वाचून पास केला होता. आपल्याच डोळ्यांनी. तो बोर्ड वाफ कधीच सोडणार नव्हता.

मिलच्या ऑफिसात फोन लावला. मुनीम म्हणाला, “हव भैया, बॉयलर तो कब का चालू हो गया. बुलाऊं नितीन को?”

दादा आला. “काय रे लहान्या?”

“दादा, बोर्ड वाफ नाही सोडत! सगळ्यायले बाहेर काढ, तू बी नीघ!”

“थांब, पायतो.” त्याने रिसीव्हर टेबलावर ठेवला. मला ऐकू येत होतं — “भागो! सब बाहर भागो!” मग मुनीम ओरडला, “नितीन, उधर मत जा!” दादा भट्टीतला जाळ ओढायला आत गेला होता. मग बॉयलर फुटल्याचा आवाज आला. दाब वाढला की आपोआप उघडणारा जुना सेफ्टी व्हॉल्व्ह गंजून बसला होता, हे नंतर कळलं.

दादा हॉस्पिटलमध्ये तीन दिवस जगला. दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, “तुले कसं कळलं रे?” मी म्हटलं, “चेक करून राहिलो होतो.”

नंतर मी सगळा कोड ओळीओळीने चाळला. ते वाक्य कुठेच नव्हतं. न जोडलेल्या बोर्डातला आकडा कॉम्प्युटरला कुठून मिळाला, कुलूपबंद खोलीत डिबगर कुणी उघडला — आजवर उत्तर नाही. बाबा असते तर त्यांनी पुरावा मागितला असता, आणि माझ्याकडे काही नाही.

आई मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, “माह्या लहान्यानं फोन केला म्हून चार जणं वाचले.” तेव्हा मी मान खाली घालतो. लोक पाठीवर हात ठेवतात, त्यांना वाटतं दादाची आठवण आली.

त्या वीस मिनिटांचं मी आईला अजून सांगितलेलं नाही.