लीव्ह म्हणजे काय

मी काम करतो त्या मस्कतच्या लॉन्ड्रीत चादरीबरोबर कुणाचा हात इस्त्रीच्या गरम रोलरकडे जाऊ लागला, की मॅनेजर ओरडतात, "लीव्ह!" म्हणजे सोड. सुट्टीही लीव्ह, नोकरी सोडणंही लीव्ह. मी सातवीत शाळा सोडली, तेही लीव्हच. आमच्याकडे निघणारा माणूस ‘येतो’ म्हणतो. आईला मीही तसंच म्हणून निघालो होतो.

आज तिच्या ऑपरेशनसाठी मॅनेजरना भीतभीत म्हटलं, "सर, आय वॉन्ट लीव्ह."

मी नोकरीच सोडतोय असं वाटून ते चमकलेच. शेजारी घड्या घालणारे आमच्या रत्नागिरीचे दाऊदचाचा घाईने म्हणाले, "सर, छुट्टी मांगता है!" आणि माझ्याकडे वळून, "नोकरी घालवशील मेल्या!"

देव त्यांचं भलं करो.

मॅनेजर हसले. "ओके ओके, लीव्ह इट."

"थँक्यू सर," मी म्हणालो. आता रजा मिळाली, की विषय सोडून द्यायचा? संध्याकाळ झाली, तरी विचारायची हिंमत होत नाहीये.