पाण्यावरचं तूस
गिरणीत भाताच्या तुसाचा वास आला की डिचोलीची ती बंद खाण आठवते. खड्ड्यात साचलेलं पाणी बांधापासून किती खाली आहे, हे मी दोन कॅमेऱ्यांनी मोजत होते. पाणी आरशासारखं स्थिर होतं. कॅमेऱ्यांनी पृष्ठभागाऐवजी त्यात खोल दिसणाऱ्या कड्याच्या प्रतिबिंबाचंच अंतर मोजलं आणि मी बांधाखालच्या शेतकरीकाकांना सांगितलं, "पाणी खूप खाली आहे." "बाय, माका तर वर दिसता," ते म्हणाले. मी त्यांना स्क्रीनवरचा आकडा दाखवला. तिसऱ्या दिवशी पाणी बांधावरून वाहिलं आणि त्यांच्या शेतावर खाणीचा लाल चिखल बसला. पुन्हा मोजताना पृष्ठभाग कॅमेऱ्यांना कळावा म्हणून पाण्यावर तरंगणारं काहीतरी हवं होतं. काकांनीच घरून तुसाचं पोतं आणलं. आकडा लगेच बरोबर आला. "ह्या गेल्या पिकाचां," पोतं झटकत ते म्हणाले, "आता परत मागू नको." आता मोजणीआधी मी तूस विकत आणते.