मीठ बघण्यापुरतं

सुनेनं आज आंबेमोहोराची पेज केली, आणि त्या वासासरशी मी वडिवळ्यात मावशीच्या चुलीपाशी जाऊन बसले.

लढाईच्या दिवसांत मी सोळा वर्षांची होते. मला अन्नाचीच भीती बसली होती. घास तोंडाशी नेला की घसा मिटायचा. मी उपासांमागे लपायचे आणि घरचे माझ्या भक्तीचं कौतुक करायचे. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या, तेव्हा कुठे घाबरून आईनं मला लोणावळ्याहून मावशीकडे धाडलं.

मावशी एकदाही ‘जेव’ म्हणाली नाही. रोज पळीतली पेज निववून माझ्या तळहातावर थोडीशी ओतायची. “तापानं माजी जीभ गेलीया. मीठ बघ गं. चाखल्यानं उपास मोडत न्हाई.”

आधी मी नुसते ओठ टेकवायचे. मग ओंजळ पुढे व्हायला लागली. एका सकाळी मीच म्हणाले, “मीठ बरोबर आहे. वाटीभर दे.”

तिनं वाटी भरली आणि चूल फुंकायला पाठ फिरवली. चूल चांगली पेटलेली होती.

तिला ताप आलाच नव्हता, हे ती गेल्यावर मावसभावाकडून कळलं.

मघाशी सुनेनं विचारलं, “मीठ बघता?”

म्हटलं, “बघायचं कशाला? वाटी भरून दे.”