हातपाय नसलेले राक्षस

"हातपाय आहेत? मग परत ठेवा," मॅडम म्हणायच्या आणि दुकानदारानं हौसेनं पुढे केलेली खेळण्यांची पिशवी एका बोटानं मागे सरकवायच्या.

त्या आमच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या, मी गणित. फुलचूरला भाड्याच्या दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. नागपूरच्या होस्टेलात त्यांना एका खेळाचं वेड लागलं होतं. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातले वीर व्हायचं आणि फासे टाकून टेबलावरच्या बोटभर राक्षसांशी लढायचं. दर रविवारी दुपारी आम्ही तिघे शिक्षक त्यांच्याकडे जमायचो.

अडचण राक्षसांची होती. मुंबईहून मागवलेल्या डब्यात सगळे दोन पायांवर उभे, हातात गदा, ओठांवर मिशा. मॅडमनी तो डबा सरळ शाळेतल्या मुलांना वाटून टाकला.

"काऊन?" मी विचारलं.

"माणसासारखा राक्षस रोजच भेटून राहिला, सर. खेळातही तोच कायले?"

एका वस्तूसाठी अख्खा बाजार पालथा घालणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मंडईतल्या प्लास्टिकच्या पालीही मॅडमना पटल्या नाहीत. "पाल घरचीच. तिची काय भीती?"

मग शाळेची सहल नवेगाव बांधच्या तलावावर गेली. तलावाकाठी एक बाई उकडलेले शिंगाडे विकत होती. मॅडमनी एक उचलला. काळाकुट्ट, दोन्ही बाजूंना वाकडी शिंगं, ना तोंड ना पाय. त्या तिथंच ओरडल्या, "सापडला!"

"खायाले पाहिजेत ना, बाई?" विकणारीनं घाबरून विचारलं.

"नाही. लढायला."

ती इतकी हसली की वाकड्यातले वाकडे शिंगाडे तिनं स्वतःच निवडून दिले. मॅडमनी ते आतून कोरले, वाळवले, वॉर्निश लावलं. त्या रविवारी टेबलावर ते रांगेनं उभे राहिले तेव्हा आमच्यापैकी कुणालाही थट्टा सुचली नाही.

फाशांचा आवाज घरमालकापर्यंत गेला. ते दारातच उभे राहिले. "मॅडम, जुगार हमारे यहाँ नहीं चलेगा. और ये मर्द लोगों का आना भी."

"टेबल पर पैसा दिखता है?"

"लोग बोल रहे हैं."

"तो लोगों को बुलाइए. सबके सामने खेलेंगे."

पुढच्या रविवारी टेबल अंगणात आलं, फाटकापाशी. गल्ली जमली. शेजारच्या म्हाताऱ्या काकू एका राक्षसावर वाकून म्हणाल्या, "हा कोन होय?"

"याला नाव नाही, काकू. तुम्ही ठेवा."

"गिळ्या म्हना."

सगळे हसले. घरमालक सोडून. संध्याकाळी त्यांनी खोल्या रिकाम्या करायला सांगितलं. मुख्याध्यापक म्हणाले, माफी मागा, मिटून जाईल. "कशाची मागू?" मॅडमनी विचारलं. मॅडमनी घर सोडलं, खेळ सोडला नाही. रेल्वे लाइनपलीकडच्या नव्या खोलीत आम्ही आणखी काही वर्षं लढलो. मग त्यांना रायपूरला नोकरी लागली, आणि आमचे रविवार साधे झाले.

मला त्या आठवतात त्या फुलचूरच्या खोल्या सोडून लाइनपलीकडे निघाल्या तेव्हाच्या. सामानाचा टेम्पो पुढे गेला होता. राक्षस धक्क्यानं फुटतील म्हणून ते परातीत मांडून, दोन्ही हातांत धरून त्या पायी निघाल्या. भर दुपार, ओट्याओट्यावर माणसं.

मी म्हणालो, "मॅडम, रुमाल टाका वरून. लोक पाहून राहिले."

"त्यासाठीच तर उघडे नेतेय," त्या म्हणाल्या, आणि कडेनं चालता चालता रस्त्याच्या मधोमध आल्या.